पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही

बटण दाबल्यावर कॅबिनेटचा दिवा लागतो, पंखा घरघरतो, पण मॉनिटर काळाच राहतो. जुन्या डेस्कटॉपची ही सर्वांत नेहमीची तक्रार, आणि सर्वांत जास्त घाईचे निकालही याच तक्रारीवर लागतात. ‘बोर्ड गेला’ हे जितक्या सहजपणे सांगितले जाते, तितक्या सहज मदरबोर्ड जात नाहीत. शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायती आणि झेरॉक्सची दुकाने यांतून भंगारात गेलेल्या संगणकांपैकी कितीतरी एका सेलने, एका खोडरबराने किंवा नीट खोचलेल्या एका वायरीने पुन्हा उभे राहिले असते. त्यांची तपासणी चुकीच्या टोकापासून सुरू झाली, म्हणून ते गेले, असे माझे ठाम मत आहे.

हा प्रश्न उळवीसारख्या गावात उभा राहिला की त्याचे वजन वाढते. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातले हे क्षेत्र लिंगायत संत चन्नबसवेश्वरांच्या समाधीसाठी ओळखले जाते. माघातल्या जत्रेला धारवाड-बेळगावकडून बैलगाड्या येतात, गाव फुलून जाते. एरवी भोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचे रान आणि दोन मोठ्या गावांमधला घाटाचा रस्ता. सुट्या भागांचे दुकान हवे तर दांडेली, नाहीतर थेट बेळगाव किंवा हुबळी गाठायचे. कॅबिनेट गाडीवर बांधून न्यायचे, दुकानात ठेवायचे, आठवड्याने आणायला पुन्हा जायचे. एवढ्या खटपटीतच जुन्या यंत्राच्या किमतीएवढे पैसे जातात. म्हणून इथे निदान गावातच, किमान निम्म्यापर्यंत तरी, व्हायला हवे.

संगणक नसला तर अडते काय, हेही सांगायला हवे. कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पात 2002 पर्यंत सर्व 177 तालुक्यांतले जमिनीचे उतारे संगणकावर आणले आणि हाताने लिहिलेली पहाणी बंद केली. महाराष्ट्रात 2001 पासून एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाच्या वर्गांनी तालुक्याच्या गावांपर्यंत डेस्कटॉप पोहोचवले. त्या लाटेत घेतलेली आणि नंतर हातोहात फिरत राहिलेली यंत्रे आजही कोपऱ्यात आहेत. त्यांवर दाखले टाइप होतात, मुले बोटे फिरवायला शिकतात, देवस्थानांचे आणि सोसायट्यांचे हिशेब पडून असतात.

आता मूळ प्रश्न. चित्र उमटायच्या आधी यंत्राच्या पोटात बऱ्याच गोष्टी क्रमाने घडतात. आधी एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, सर्व व्होल्टेज स्थिर झाल्याचा इशारा बोर्डाला देतो. मग प्रोसेसर जागा होऊन बायोस या बोर्डाच्या मूळ प्रोग्रामच्या चिपमधली पहिली आज्ञा वाचतो. बायोस रॅम शोधतो, तपासतो, ग्राफिक्सला जागे करतो आणि तेव्हा कुठे पडद्यावर पहिली ओळ येते. याला पोस्ट म्हणतात. या साखळीतली कोणतीही कडी तुटली तरी बाहेरून दिसते ते एकच, काळा पडदा. म्हणून पहिले काम पान्हा-पेचकस हातात घेण्याचे नाही. साखळी कुठवर पोहोचते आहे, ते ऐकून आणि पाहून ठरवायचे. हे फोनवरूनही करता येते, आणि दूरच्या गावासाठी तीच पद्धत सर्वांत उपयोगी आहे. बेळगावचा कारागीर आणि गावातला माणूस यांचे बोलणे साधारण असे चालते:

‘भाऊ, कॉम्प्युटर चालू होतोय, पण डिस्प्ले येईना झालाय बघा.’

‘कधीपासून? काल लाईट गेली होती काय?’

‘होय, रात्री लई कडाडलं. सकाळपासून असं.’

‘बरं. कीबोर्डवरचं नमलॉक दाबा. त्याचा दिवा लागतोय-विझतोय काय?’

‘लागतोय की.’

‘मग बोर्ड जिवंत आहे. मॉनिटर आणि केबलकडं बघू.’

नमलॉकच्या एका दिव्याने अर्धा प्रश्न सुटतो. तो दाद देत असेल तर पोस्ट पार पडली आहे, दोष चित्राच्या वाटेवर आहे. दाद देत नसेल तर दोष आत, वीज, रॅम, प्रोसेसर किंवा बोर्डात. दुसरा तितकाच मोलाचा प्रश्न म्हणजे चित्र कधी जाते. सुरुवातीपासूनच नाही, की कंपनीचा लोगो दिसतो आणि विंडोज सुरू होताना पडदा काळा होतो? दुसऱ्या प्रकारात बहुधा यंत्राला काहीही झालेले नसते. जुन्या मॉनिटरला न झेपणारे रिझोल्यूशन कोणीतरी ठेवलेले असते किंवा ड्रायव्हर बिघडलेला असतो. विंडोज एक्सपी आणि 7 मध्ये सुरुवातीला एफ-8 दाबून कमी रिझोल्यूशनने आत शिरता येते. अशा यंत्राचे कॅबिनेट उघडणे म्हणजे निष्कारण नवे दोष ओढवून घेणे.

मॉनिटरबद्दल फार लिहायला नको. त्याचा मेनू उमटतो का, इनपुट व्हीजीएवर आहे की एचडीएमआयवर, केबलच्या 15 पिनांपैकी एखादी वाकली आहे का, एवढे पाहावे. दिवा हिरवा असून पडदा काळा असेल तर अंधारात टॉर्च तिरकी मारून बघावी. चित्र अंधुक दिसले तर मागचा प्रकाश गेला आहे, संगणक ठीक आहे. जुना काचेचा जाड मॉनिटर असेल तर तो कुणीही उघडू नये. त्याच्या नळीला वीस हजार व्होल्टच्या पुढचा दाब लागतो आणि बंद केल्यावरही काही काळ तो आत साठून राहतो.

एक चूक मात्र इतकी वारंवार दिसते की तिला वेगळी जागा द्यायला हवी. मागे चित्राची दोन तोंडे असतात, एक बोर्डाचे, एक वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचे. कार्ड बसवले की बहुतेक जुने बोर्ड आपले तोंड बंद करतात. साफसफाईनंतर कोणी केबल चुकून बोर्डाच्या तोंडात खोचली, की पडदा काळा. उलट दिशेनेही हे घडते. कार्डच बिघडलेले असते, ते काढून केबल बोर्डाला लावली की चित्र हजर. सन 2007-08 च्या जी31, जी41 चिपसेटच्या बोर्डांत ग्राफिक्स मुळातच असल्याने ही युक्ती तिथे हमखास करून पाहावी. अलीकडचे कार्ड जुन्या बायोसच्या बोर्डावर बसवले आणि काहीच दिसले नाही, तरी कार्डाला किंवा बोर्डाला लगेच दोष देऊ नये, दोघांची भाषाच जुळत नसण्याची शक्यता असते.

आता वीज. शहरातले पुस्तक मॉनिटरनंतर रॅमकडे वळायला सांगते. उळवीत मी आधी विजेकडे वळेन. काळी नदीवरचे सुपा धरण याच तालुक्यात.  गणेशगुडी आणि नागझरीची वीजघरे याच खोऱ्यात आहेत. पण खेड्यांना जाणाऱ्या तारा दाट रानातून जातात, पावसाळ्यात झाड पडले की लाईट जाते, आणि येताना ती झटक्याने येते. त्यात वळवाच्या पावसातला गडगडाट. जांभ्याच्या कोरड्या खडकाळ जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कमजोर पडते, कोळसा-मिठाच्या खड्ड्यात पाणी घालायची आठवण फार थोड्यांना असते. आकाशातली वीज नेहमी मेन लाइनमधूनच येते असेही नाही, टेलिफोनच्या तारेतून मॉडेममध्ये, तिथून नेटवर्कच्या केबलने सरळ बोर्डात शिरते. ढग दाटून आले की दोन्ही प्लग काढायचे, विजेचा आणि नेटवर्कचा, हा एक नियम पाळला तरी पुष्कळ बोर्ड वाचतील.

पंखा फिरतो म्हणजे एसएमपीएस चांगला, ही समजूत सर्वांत घातक. पंख्याला किरकोळ करंट पुरतो, प्रोसेसरचे तेवढ्यावर भागत नाही. पेंटियम 4 च्या काळापासून बोर्डाला मोठ्या प्लगशिवाय चार पिनांचा एक वेगळा प्लग लागतो, बारा व्होल्टचा, खास प्रोसेसरसाठी. तो सैल असला की पंखा मजेत फिरतो आणि पडदा काळा राहतो. शंभर-दोनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर इथे कामाला येतो. काळ्या वायरीशी पिवळी मोजली की 11.4 ते 12.6 व्होल्ट दिसायला हवेत, लाल 4.75 ते 5.25, नारिंगी 3.14 ते 3.47. यंत्र बंद असतानाही जांभळ्या वायरीवर पाच व्होल्ट असायला हवेत. ते नसतील तर बटण कितीही दाबले तरी व्यर्थ. एसएमपीएस वेगळा तपासायचा तर मोठा प्लग बोर्डातून काढून हिरवी वायर काळीला जोडायची आणि भार म्हणून एखादी जुनी डीव्हीडी ड्राइव्ह लावायची. त्याचा डबा मात्र उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास दाब उरलेला असतो. पावसाळ्यात त्या उबेला पाली आणि मुंग्या येऊन बसतात. जाळीतून टॉर्च मारली तरी दिसतात.

यूपीएसला वगळून संगणक थेट भिंतीच्या प्लगवर लावून बघणेही याच टप्प्यावर. जुन्या यूपीएसची बारा व्होल्टची बॅटरी मेलेली असली की तो भार येताच डळमळतो.

यानंतर रॅम. कारागिरांचा हात सवयीने आधी इथेच जातो, आणि त्यात तथ्य आहे. महिनोन्महिने बंद असलेल्या यंत्रात, आर्द्रतेने, रॅमच्या पट्टीच्या संपर्कांवर करडा थर चढतो. पट्टी उजेडात तिरकी धरली की चकचकीत सोनेरी दातांमध्ये काही मंद, डागाळलेले दिसतात. मऊ पांढऱ्या खोडरबराने ते वरून कडेच्या दिशेने पुसायचे, दोन्ही बाजूंनी, भुगा कोरड्या कुंचल्याने झाडायचा. तोंडाने फुंकर घालू नये, श्वासातला ओलावाच आत जातो. बसवताना दोन्ही टोकांच्या खिट्ट्या आपसूक टक् करून बसेपर्यंत सारखे दाबायचे. पट्ट्या दोन असतील तर एकेकच लावून, प्रत्येक खाचेत फिरवून पाहायची. डीडीआर2 ची पट्टी डीडीआर3 च्या खाचेत जात नाही, मधली फट वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवणारे खाचच मोडतात.

पण या सवयीत एक खोच आहे. रॅम पुसली, चित्र आले, म्हणून दोष रॅमचाच होता असे होत नाही. पट्टी काढण्यापूर्वी आपण प्लग काढलेला असतो, बोर्डातला उरलासुरला करंट निघून गेलेला असतो, आणि झटक्याने आलेल्या विजेनंतर अडकून बसलेला बोर्ड तेवढ्यानेच मोकळा होतो. म्हणून आधी नुसता प्लग काढून, पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे आणि पुन्हा लावून पाहावे. त्याने चित्र आले तर रॅम निर्दोष सुटली. एका वेळी एकच बदल, हे पथ्य न पाळल्यामुळे चांगले भाग बदलले जातात आणि दुखणे तसेच राहते. आणि प्लग न काढता रॅम उपसणे हा तर गुन्हाच समजावा, बोर्डावर जांभळ्या वायरीचे पाच व्होल्ट तेव्हाही खेळत असतात. जत्रेच्या दिवसांत, माघातल्या कोरड्या हवेत, अंगावरच्या स्थिर विजेचेही भान ठेवावे, आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा.

रॅमचीच दुसरी कसोटी मला फार मोलाची वाटते. सगळ्या पट्ट्या काढून टाका आणि यंत्र चालू करा. बोर्डाने बीप-बीप करून तक्रार केली तर मोठाच दिलासा आहे, प्रोसेसर जागा आहे, बायोस वाचला जातो आहे, वीज पोहोचते आहे. गप्प बसला तर दोष त्याच्याही आधीचा. मात्र कॅबिनेटचा छोटा स्पीकर जोडलेला हवा. पुष्कळ स्वस्त कॅबिनेटमध्ये तो नसतोच, दहा-वीस रुपयांचा तो तुकडा आणून बोर्डाच्या चार पिनांवर लावला की मुके यंत्र बोलू लागते. बीपची भाषा कंपनीनुसार बदलते. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे ग्राफिक्स, एकसारखी लांब बीप म्हणजे बहुधा रॅम. एएमआयमध्ये आठ बीप ग्राफिक्सच्या मेमरीकडे बोट दाखवतात. पीसीआय खाचेत बसणारे डीबग कार्ड दोन आकडे दाखवून हेच आणखी स्पष्ट करते. त्यावर शून्य-शून्य किंवा एफएफ अडकून राहिले तर प्रोसेसरने पहिले पाऊलही टाकलेले नाही, असे समजायचे.

नाण्याएवढा सीआर2032 सेल तीन व्होल्टचा असतो. तो उतरला की घड्याळ मागे जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. काही बोर्ड मात्र उतरलेल्या सेलवर चित्रच देत नाहीत, हे कमी जणांना ठाऊक असते. सेल काढून, प्लग काढून, बोर्डावरचा तीन पिनांचा क्लिअर-सीमॉसचा जंपर क्षणभर हलवून परत लावावा. नंतर बायोसच्या सेटिंग मूळच्या होतात. त्यात हार्ड डिस्कची पद्धत आयडीई-एएचसीआय बदलली तर चित्र येऊनही विंडोज उघडत नाही. तेव्हा घाबरून विंडोज नव्याने टाकू नये, ती एक सेटिंग पूर्ववत करावी.

जे बोर्ड खरोखर जातात, त्यांच्यातही मोठा वाटा एका भागाचा आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हणजे विजेची छोटी टाकी, प्रोसेसरला लागणारा दाब ती एकसारखा ठेवते. साधारण 1999 ते 2007 या काळात सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर बसले. डेलच्या ऑप्टिप्लेक्स जीएक्स270 आणि जीएक्स280 या संगणकांत ते इतके फुगले की कंपनीने 2005 साली दुरुस्तीपोटी 30 कोटी डॉलरची तरतूद केली. आपल्याकडची जोडणी केलेली यंत्रेही त्याच काळातली. प्रोसेसरच्या कडेच्या रांगेत बघावे. चांगल्या कपॅसिटरचे डोके सपाट असते, बिघडलेल्याचे फुगलेले, खाचेशी फाटलेले, कधी तपकिरी चिकट पदार्थ बाहेर आलेला. असा बोर्ड एका दिवसात मरत नाही. आधी सकाळी दोनदा बटण दाबावे लागते, मग चार वेळा, पावसाळ्यात दहा वेळा, आणि एक दिवस डिस्प्ले येतच नाही. बोर्ड वाचवायचा तो याच टप्प्यावर. बदलायचा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा किंचित जास्त व्होल्टचा, 105 अंशांचा आणि कमी अंतर्गत रोधाचा हवा, आणि त्याची पट्ट्याची बाजू उणे पिनेकडे. दहा अंश कमी तापमानात त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, त्यामुळे धुळीने बंद झालेली जाळी साफ ठेवणे हीसुद्धा दुरुस्तीच. हे डागकाम टीव्ही दुरुस्त करणारा जुना कारागीर संगणकाच्या दुकानापेक्षा बरेचदा नीट करतो. दुकानात बोर्ड बदलणे सोपे असते म्हणून तो बदलला जातो, याचे मला वाईट वाटते.

हीट गनने बोर्ड शेकून चित्र आणून देणारेही आहेत. सोल्डरच्या बारीक डागांना पडलेल्या भेगा त्याने काही दिवस सांधतात. त्यातून डेटा काढून घेण्यापुरता वेळ मिळतो, ती कायमची दुरुस्ती नव्हे, आणि ग्राहकाला तसे सांगायला हवे.

प्रोसेसरला शेवटी हात लावावा. 775 सॉकेटच्या पंख्याचे चार प्लास्टिकचे खुंट जुने होऊन सुटतात, प्रोसेसर तापतो, यंत्र काही क्षणांत बंद पडते. खुंट बसवणे आणि वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे कुणालाही जमते. सॉकेटमधल्या पिनांना मात्र बोट लागू देऊ नये, एक पिन वाकली तरी बोर्ड मुका होऊ शकतो.

या साऱ्या खटाटोपात एक गोष्ट विसरली जाते आणि ती माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची. चित्र येत नाही म्हणजे माहिती गेली, असे नाही. हार्ड डिस्क बहुधा शाबूत असते. दोन स्क्रू काढून ती बाहेर काढावी, साटा किंवा आयडीईच्या यूएसबी जोडणीने लॅपटॉपला लावावी आणि आधी सगळे उतरवून घ्यावे. ग्रामपंचायतीचे पत्रव्यवहार, शाळेच्या निकालपत्रिका, लग्नाचे फोटो हे सारे डिस्कवर आहे, बोर्डावर नाही. दुकानात कॅबिनेट पाठवण्यापूर्वी डिस्क घरी काढून ठेवावी. विंडोज टाकण्याच्या नादात ती पुसली जाण्याचे दुःख नंतर कशाने भरून येत नाही.

बोर्ड गेलाच, असे केव्हा मानायचे? एसएमपीएस मोजून चांगला निघाला, बोर्ड कॅबिनेटमधून काढून पुठ्ठ्यावर नुसत्या प्रोसेसरसह चालवला, स्पीकर जोडलेला आहे आणि रॅमविना एकही बीप नाही, दुसरा प्रोसेसरही लावून पाहिला, कपॅसिटर ठीक आहेत. तेव्हा. अशा वेळी तशाच जुन्या बोर्डाचा शोध मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, बंगळुरूच्या एस. पी. रोडवर घ्यावा लागतो. इंटेलने 2013 साली डेस्कटॉप बोर्डांच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे इंटेलचा त्या पिढीचा नवा बोर्ड आता मिळत नाही, मिळतो तो वापरलेला, आणि त्याचेही कपॅसिटर बघूनच पैसे द्यावेत. तोही जमला नाही तर ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत रिसायकलरकडे. 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, जाड काचेच्या मॉनिटरमध्ये शिसे असते, तो ओढ्याकाठी फेकण्याची वस्तू नाही.

मेलेल्या यंत्रातूनही बरेच काही काढून ठेवण्यासारखे असते. उळवीच्या पंचायतीने किंवा शाळेने एक पत्र्याचा डबा ठेवावा. त्यात चालू असल्याची खात्री केलेला एक एसएमपीएस, डीडीआर2 आणि डीडीआर3 ची एकेक पट्टी, व्हीजीए केबल, दोन सेल, चार पिनांचा स्पीकर, डीबग कार्ड, मल्टिमीटर, खोडरबर आणि पाण्याची वाफ शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. सोबत एक वही. गावातल्या प्रत्येक संगणकाचे एक पान, त्यावर बोर्डाचे मॉडेल, रॅम कुठल्या खाचेत, सेल कधी बदलला, मागच्या वेळी किती बीप झाल्या, कोणत्या वायरीवर किती व्होल्ट निघाले आणि कशाने चित्र परत आले. जूनमध्ये पाऊस धरायच्या आत प्रत्येक यंत्र एकदा उघडून, झाडून, ही पाने भरून घ्यावीत, आणि पाऊसभर वापर नसला तरी ते दिवसाआड अर्धा तास चालू ठेवावे.